क्रीडा कोट्यातला प्रवेश, बारावीचे टक्के आणि कोर्टाची पायरी

शिट्टीमास्तर

मंडळी, काही दिवस हा विषय डोक्यात घोळतोय म्हणून धागा काढतोय. वकील, क्रीडाशिक्षक, पालक, सगळ्यांनी लिहा. कोट्यालाच विरोध असणाऱ्यांनीही लिहा, फक्त आधी पूर्ण वाचा.

आमच्या तालुक्यातली एक ज्युदो खेळणारी पोरगी. शालेय राष्ट्रीय स्पर्धेतलं पदक आहे, नुसतं सहभागाचं प्रमाणपत्र नव्हे. बारावीला ६४ टक्के. पुण्यातल्या एका नावाजलेल्या स्वायत्त कॉलेजात बीएसाठी खेळाडूंच्या जागेवर अर्ज केला. खिडकीवरच्या बाईंनी फाईल उघडली, वरची गुणपत्रिका बघितली आणि खालचं पान न उलटताच परत सरकवली. माहितीपुस्तिकेत एक ओळ आहे: क्रीडा कोट्यासाठीही बारावीला किमान ७० टक्के.

आता माझा मुद्दा. ७० टक्क्यांची अट खुल्या प्रवेशालाही तीच आणि खेळाडूलाही तीच, तर मग कोटा कशाचा? सकाळी साडेपाचला मॅटवर, दुपारी कॉलेज, संध्याकाळी परत मॅटवर, शिवाय ऐन डिसेंबर-जानेवारीत स्पर्धेसाठी परराज्यात. ही मुलं ६४ आणतात हेच मला पुष्कळ वाटतं.

शोधाशोध करताना सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२३ चा निकाल सापडला. चंदीगडचं पंजाब इंजिनिअरिंग कॉलेज, म्हणजे पीईसी. तिथे खेळाडूंना २ टक्के जागा. त्या जागांसाठीही बारावीला ७५ टक्क्यांची अट घातली होती. एका खेळाडू विद्यार्थ्याने आव्हान दिलं. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयात हरला, सर्वोच्च न्यायालयात न्या. रवींद्र भट आणि न्या. अरविंद कुमार यांनी ती अटच रद्द केली. थोडक्यात म्हणणं असं, की क्रीडा कोटा हा अभ्यासातली गुणवत्ता सामावून घ्यायला नाही, खेळाला उत्तेजन द्यायला आहे. ७५ ची अट ठेवली तर मोठं पदक असलेला ७४ टक्केवाला बाहेर राहील आणि किरकोळ प्रमाणपत्रावरचा ७६ टक्केवाला आत येईल. हा समानतेच्या कलम १४ चा भंग.

मग हाच न्याय पुण्यातल्या कॉलेजला का लागू नये?

कोकणकडा

वाचनखूण साठवली. मुलगा कॅरम खेळतो, राज्य पातळीपर्यंत गेलाय. कॅरम धरतात का हो?

कज्जेदलाल

मास्तर, निकाल बरोबर वाचलात, पण त्याच्या शेजारी दुसरा निकाल ठेवून वाचा, नाहीतर हवेत इमले बांधाल.

जानेवारी २०२२. पुन्हा पंजाबच, पण एमबीबीएस आणि बीडीएसचे प्रवेश. राज्याच्या २०१८ च्या क्रीडा धोरणात ३ टक्के कोट्याचा उल्लेख होता, प्रत्यक्ष अधिसूचनेत मात्र खेळाडूंना १ टक्का दिला. उच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं, ३ टक्के द्या. सर्वोच्च न्यायालयात न्या. एम. आर. शहा आणि न्या. नागरत्ना यांनी तो आदेश रद्द केला. आरक्षण द्यायचं की नाही आणि किती द्यायचं हा सरकारचा प्रांत, न्यायालयाला तसा आदेश देता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं.

दोन्ही निकाल एकत्र वाचले की चित्र असं दिसतं: कोटा मागायला कोर्टात गेलात तर हात हलवत परत याल. पण कोटा एकदा दिला आणि मग त्याला अशी अट लावली की कोट्याचा हेतूच मरतो, तर कोर्ट आत डोकावतं. तुमच्या मुलीची केस दुसऱ्या प्रकारात बसते. कॉलेजने कोटा स्वतःहून ठेवलाय.

पण दोन अडचणी आहेत. पहिली, पीईसी ही सरकारी पैशावर चालणारी संस्था. तुमचं कॉलेज अनुदानित आहे का? बीएची ती तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित? रिट याचिका, म्हणजे उच्च न्यायालयातली थेट दाद, कुणाविरुद्ध टिकते हा वादाचा पहिलाच अर्धा तास खातो. दुसरी, त्या निकालाचा अर्थ 'खेळाडूला कुठलीच किमान अट नको' असा मी लावत नाही. खुल्या वर्गाचीच काठी उचलून खेळाडूच्या पाठीत घालू नका, इतकाच लावतो. उद्या कॉलेजने ७० ऐवजी ५० टक्के केले तर मी तरी ती केस घेणार नाही.

आकडेमोड्या

कोणीतरी उलटं बोलायलाच हवं म्हणून बोलतो.

कॉलेज शिकायला असतं. खेळायला क्रीडा प्रबोधिनी आहे, साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) आहे, क्लब आहेत. दहावी-बारावीला या मुलांना सवलतीचे क्रीडागुण मिळतात, पार २५ पर्यंत. त्या गुणांनी टक्का वाढवायचा आणि वर परत कोट्यातूनही जायचं? माझी भाची ६९.८ वर अडली. तिने काय पाप केलं? ती पहाटे उठून क्लासला जायची. तो घाम नव्हे का?

शिट्टीमास्तर

भाचीबद्दल वाईट वाटतं, मनापासून. पण ती ज्या जागेसाठी अडली ती खेळाडूची जागा नव्हती, आणि खेळाडूची जागा रद्द केली तर तिला ती मिळेलच असंही नाही. दिल्ली विद्यापीठात तर खेळ आणि ईसीएच्या (अभ्यासेतर कलागुणांच्या) जागा ५ टक्क्यांपर्यंत आणि त्याही अधिसंख्य, म्हणजे मंजूर जागांच्या वर. तिथे कुणाच्या पानातली पोळी उचलली जात नाही.

क्रीडागुणांचा मुद्दा मात्र बरोबर. एकाच पदकावर दोन फायदे का, याला माझ्याकडे चोख उत्तर नाही.

आयआयटीचा_बाप

मद्रास आयआयटीने बरा तोडगा काढलाय असं माझं मत. २०२४-२५ पासून प्रत्येक बीटेक शाखेत खेळाडूंसाठी दोन अधिसंख्य जागा, त्यातली एक मुलीसाठी. जेईई अॅडव्हान्स्ड पात्र व्हावंच लागतं. तिथे पळवाट नाही. पण एकदा पात्र झालं की पुढची यादी खेळातल्या कामगिरीवर लागते. म्हणजे अभ्यासाचा उंबरा वेगळा आणि खेळाची रांग वेगळी. आकडेमोड्या, तुम्हालाही हे पटावं.

आकडेमोड्या

पटतं. पण मग उंबरा असावा हे तुम्हीही मान्य केलंत. आता तो ५० चा की ७० चा एवढीच घासाघीस उरली.

माजी_क्रीडाधिकारी

वाचत होतो, गप्प बसवेना.

तुम्ही सगळे टक्क्यांवर भांडताय. नोकरीत असताना माझ्या टेबलावर आलेल्या तक्रारींत टक्क्याची भानगड क्वचित असे. भांडण असे कागदाचं. प्रमाणपत्र कुणी दिलं, स्पर्धा कुठल्या पातळीची, तेव्हा संघटनेला मान्यता होती का, आणि मुळात स्पर्धा झाली होती का.

एक उदाहरण देतो, नावगाव गाळून. एका उमेदवाराने राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र आणलं. छान जाड कागद, सोनेरी किनार, शिक्का. साल २००९. खाली संघटनेच्या अध्यक्षांची सही. आता मी त्या खेळाच्या निवडणुकांना निरीक्षक म्हणून बसलेला माणूस. ते गृहस्थ अध्यक्ष झाले २०११ ला. मुलाला विचारलं, बाळा, हे तुला कधी मिळालं? म्हणाला, स्पर्धेनंतर लगेच. संघटनेला पत्र लिहून भाग्यपत्रिका (सामन्यांचा ड्रॉ), प्रवेशिका, पंचांची यादी आणि निकालपत्रक मागवलं. चार महिने उत्तर नाही. मग आलं ते एका ओळीचं: 'अभिलेख पावसात भिजल्याने उपलब्ध नाहीत.' आमच्या राज्यात पाऊस फक्त क्रीडा संघटनांच्या कपाटांवर पडतो असं आमचे एक शिपाई म्हणायचे.

सरकारी नोकरीतल्या ५ टक्के क्रीडा आरक्षणात ट्रॅम्पोलिनच्या (ताणलेल्या जाळीवर उड्या मारायच्या खेळाच्या) बोगस प्रमाणपत्रांचं प्रकरण तुम्ही पेपरात वाचलं असेलच. ज्या खेळाची जाळी अनेक जिल्ह्यांत बघायलाही मिळत नाही त्याचे खेळाडू भराभर नोकरीला लागले. म्हणून नोकरीसाठी विभागीय उपसंचालकांकडून पडताळणी सक्तीची. जातीच्या दाखल्याला जशी व्हॅलिडिटी, तशी खेळाच्या कागदाला पडताळणी. कॉलेजच्या प्रवेशात मात्र बहुतेक ठिकाणी ही गाळणी नाही. प्राचार्य, जिमखाना प्रमुख आणि एखादा बाहेरचा सदस्य अशी समिती बसते, झेरॉक्स बघते, गुण देते. सांघिक खेळात राखीव खेळाडूला पूर्ण गुण द्यायचे का? स्पर्धेत दोनच संघ उतरले आणि हरलेल्याला 'उपविजेता' म्हणून रौप्य मिळालं, ते रौप्य धरायचं का? पुस्तिकेत याचं उत्तर नसतं. मग ज्याचा वशिला त्याचं रौप्य चकाकतं.

तांबडी_माती

साहेबांना +१००. आमच्या कुस्तीतलं ऐका.

नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राला दोन महाराष्ट्र केसरी मिळाले. पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख, धाराशिवला शिवराज राक्षे. दोघेही तगडे मल्ल, दोघांनीही घाम गाळला, दोघांच्याही खांद्यावर गदा. भांडण वर बसलेल्या कुस्तीगीर परिषदेच्या गटांचं. अशा वेळी त्याच आखाड्यांत कुमार गटात उतरलेल्या पोराने कुठल्या गटाचं प्रमाणपत्र कॉलेजात लावायचं?

देशपातळीवर त्याहून वाईट. डिसेंबर २०२३ मध्ये क्रीडा मंत्रालयाने नव्याने निवडून आलेल्या कुस्ती महासंघाला निलंबित केलं. तरी महासंघाने जानेवारी २०२४ अखेरीस पुण्यात राष्ट्रीय स्पर्धा घेतली. लगेच फेब्रुवारीत महासंघाचा कारभार बघणाऱ्या हंगामी समितीने जयपूरला दुसरी राष्ट्रीय स्पर्धा घेतली. मंत्रालयाने पुण्याच्या स्पर्धेआधीच बजावलं होतं की ही मान्यताप्राप्त धरली जाणार नाही आणि इथल्या प्रमाणपत्राचा सरकारी लाभांसाठी उपयोग नाही. निलंबन उठलं मार्च २०२५ ला. मधल्या काळात बारावीत असलेल्या पोराने काय करावं? पैलवान मॅटवर उतरताना आयोजकांचं मान्यतापत्र तपासत नाही हो. वस्ताद म्हणतो चल, पोरगं जातं.

कबड्डीचंही तेच. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ ला कबड्डी महासंघावर प्रशासक बसवला आणि तो कारभार किती वर्षं चालला ते सगळ्यांनी पाहिलंय.

कज्जेदलाल

तांबडी_माती, कोर्टात यावर सर्वसाधारण प्रश्न एकच येतो: स्पर्धेच्या तारखेला त्या संघटनेला मान्यता होती का? आज आहे की नाही हे गौण. म्हणून प्रमाणपत्राबरोबर त्या वर्षाचं मान्यतेचं पत्र काढून ठेवा, नंतर मिळत नाही.

२०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झालाय. राष्ट्रीय क्रीडा मंडळ मान्यता देणार आणि क्रीडा न्यायाधिकरण संघटनांचे वाद ऐकणार. दोन गटांचं दुखणं त्याने थोडं तरी कमी व्हावं. पण मास्तरांच्या मुलीसारखा प्रवेशाचा वाद तिथे जाणार नाही, तो विद्यापीठ आणि उच्च न्यायालयातच राहील असं मला वाटतं.

आणखी एक, नियम मध्येच बदलण्याबद्दल. पंजाबच्याच एमबीबीएस क्रीडा कोट्यात २०२४ च्या प्रवेशांवेळी अकरावी-बारावीतली कामगिरी धरायची की नववी-दहावीचीही, हे प्रक्रिया सुरू झाल्यावर बदललं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने ते चालवून घेतलं नाही. यादी कशी लावणार ते आधीच पक्कं हवं, शेवटपर्यंत मोकळं ठेवलं की वशिलेबाजीला वाव राहतो, असं त्याचं सार. भरतीच्या बाबतीत घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हेच तत्त्व पुन्हा पक्कं केलंय.

नर्मदेकाठ

मास्तर, एक शंका. पुस्तिकेत ७० ची ओळ होतीच, मुलीने ती वाचूनच अर्ज भरला असणार. मग 'अट मान्य करून अर्ज केला, आता तक्रार कसली' असं कॉलेज म्हणणार नाही?

कज्जेदलाल

म्हणणारच, पहिल्याच परिच्छेदात. त्याला उत्तर: बेकायदा अट मान्य केल्याने कायदेशीर होत नाही. पण हे उत्तर तेव्हाच वजनदार ठरतं जेव्हा तुम्ही लगेच हरकत घेतलेली असते. यादी लागेपर्यंत थांबायचं, नाव नाही दिसलं की अट वाईट म्हणायचं, हे न्यायाधीशांना आवडत नाही. आणि ते रास्त आहे.

बे_एरियातून

अवांतर, पण राहवत नाही. इथे अमेरिकेत बिगरसरकारी बड्या विद्यापीठांत प्रशिक्षकच आपल्या यादीतून मुलं सुचवतो आणि प्रवेश जवळजवळ पक्का होतो. त्याच फटीतून २०१९ चं 'व्हर्सिटी ब्लूज' प्रकरण झालं. सल्लागार रिक सिंगर पालकांकडून पैसे घेऊन प्रशिक्षकांना द्यायचा आणि कधी पोहलीही नसतील अशा मुलांना वॉटर पोलोचे खेळाडू म्हणून दाखवायचा. खोटे फोटोसुद्धा काढलेले. सिंगरला जानेवारी २०२३ मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. गंमत म्हणजे दोन पालकांच्या शिक्षा २०२३ मध्ये अपील न्यायालयाने बऱ्याच अंशी रद्दही केल्या. आपल्याकडे गरिबाच्या पोरासाठी म्हणून ठेवलेली वाट, इथे श्रीमंतांनी विकत घेतली. नौकानयन, तलवारबाजी, स्क्वॉश... गरिबाची पोरं कुठून खेळणार हे?

आकडेमोड्या

आपल्याकडेही नेमबाजीची रायफल कुणाच्या घरात असते ते बघा की. कोटा म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर मातीतला पैलवान येतो. प्रवेश कुणाला मिळतात?

माजी_क्रीडाधिकारी

हे खरं आहे. कमी स्पर्धक असलेला महागडा खेळ निवडून पदक 'कमावणारे' पालक मी पाहिलेत. आठवीतच येऊन विचारायचे, साहेब, कुठल्या खेळात गर्दी कमी? कबड्डीत जिल्ह्यातून संघात यायलाच ढोर मेहनत लागते, आणि गुणतक्त्यात दोन्ही खेळांच्या राज्यपातळीला गुण सारखेच.

खोखोवाली

माझा अनुभव लिहिते. मी खोखोची, क्रीडा कोट्यातूनच पदवीला गेले, दिल्लीत. आमच्या वेळी सीयूईटी (केंद्रीय विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा) नव्हती. आता तिथे सीयूईटीचं २५ टक्के वजन आणि उरलेलं ७५ खेळाचं, म्हणजे प्रमाणपत्रं आणि निवड चाचणी मिळून.

मला वाटतं सगळा घोळ चाचणीने निम्मा मिटतो. मैदानात उतरवा ना. खोखोत नऊ मिनिटं पळायला लावलं की कोण खेळतं आणि कोण नाही ते पहिल्या दोन मिनिटांत कळतं. आमच्या चाचणीला एक मुलगी राष्ट्रीय प्रमाणपत्र घेऊन आली होती. खांबाला वळसा कसा घालायचा हेच तिला माहीत नव्हतं, खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून फिरायची. निवड समितीतले सर काही बोलले नाहीत, फक्त तिची फाईल बाजूला ठेवली. कोविडच्या काळात चाचण्याच झाल्या नाहीत, नुसत्या प्रमाणपत्रांवर प्रवेश दिले. त्या तुकड्यांबद्दल कॉलेजचे प्रशिक्षक काय बोलत ते इथे लिहीत नाही.

पण चाचणीतही वांधे आहेत. माझ्या मैत्रिणीचा चाचणीच्या आठवड्यातच घोटा मुरगळला होता. दोन वर्षं राष्ट्रीय खेळलेली मुलगी, त्या दिवशी लंगडत होती. समितीने तिला शून्याच्या जवळ गुण दिले. याला दाद कुठे मागायची?

कज्जेदलाल

खोखोवाली ताई, त्याला दाद जवळजवळ नाहीच. चाचणीतले गुण हा तज्ज्ञांचा विषय, त्यात कोर्ट हात घालत नाही, उघड पक्षपात दाखवता आला तरच. म्हणून चाचणीचं चित्रीकरण मागत जा. काही ठिकाणी करतातही.

शिट्टीमास्तर

मंडळी, खूप शिकायला मिळतंय. कज्जेदलाल साहेब, व्यवहाराचं बोला. पोरीचे वडील रिक्षा चालवतात, पाचवी फेरी नाही, पुढच्या आठवड्यात प्रवेश बंद. उच्च न्यायालयात जाईपर्यंत वर्ष जाईल ना?

कज्जेदलाल

आधी फुकटची दारं ठोठवा. यूजीसीचे विद्यार्थी तक्रार निवारण विनियम २०२३ चे आहेत. प्रवेश घेऊ इच्छिणाराही त्यात तक्रार करू शकतो. कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायलाच हवी, तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. नाही पटलं तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील, तेही १५ दिवसांत. त्याच विनियमांत माहितीपुस्तिका प्रवेश सुरू होण्याच्या किमान ६० दिवस आधी जाहीर करायचं बंधन आहे. ७० ची ओळ केव्हा आली, गेल्या वर्षीच्या पुस्तिकेत होती का, ते शोधा. यंदाच मध्ये घुसवली असेल तर तुमची बाजू एकदम जड होते.

तक्रार आजच द्या. तोंडी नको. दोन प्रती, एकीवर पोच. ईमेलही करा. त्यात 'प्रवेश बंद होण्यापूर्वी निर्णय द्या, एक जागा रिकामी ठेवा' ही वाक्यं हवीतच.

आता कोर्ट. उशिराची भीती रास्त आहे, पण एक आधार आहे. डिसेंबर २०१९ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने एमबीबीएसच्या बाबतीत म्हटलंय: उमेदवाराची काही चूक नाही, तो वेळेत कोर्टात आला आणि त्याला बेकायदा नाकारलं गेलं, तर अंतिम मुदतीनंतरही महिनाभरात प्रवेश देण्याचा आदेश अपवाद म्हणून देता येईल. ते नाही जमलं तर पुढच्या वर्षीची जागा, शिवाय नुकसानभरपाईचाही विचार. वैद्यकीयच्या कडक मुदतींत हे चालत असेल तर बीएला का नाही, असा युक्तिवाद मी करीन. पण त्यातला कळीचा भाग 'वेळेत आला' हा आहे. आठवड्यात आलेला आणि दोन महिन्यांनी आलेला यांत जमीन-अस्मानाचा फरक.

मोफत विधी सहाय्याचंही बघा. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. उच्च न्यायालयाची वेगळी समिती असते.

आणि एक नकोसा सल्ला. दुसऱ्या कॉलेजातला मिळतोय तो प्रवेश आधी घेऊन ठेवा. अंतरिम आदेशावर शिकणारी, आणि तीन वर्षांनी निकाल विरोधात गेला म्हणून घरी बसलेली मुलं मी पाहिलीत.

तांबडी_माती

वकील साहेब, खोट्या कागदावर आत गेलेल्याचं पुढे काय होतं? पदवी झाली, नोकरी लागली, मग उघडकीला आलं तर?

कज्जेदलाल

जातीच्या दाखल्यांबाबत २०१७ च्या एफसीआय (भारतीय अन्न महामंडळ) निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, खोट्या दाव्यावर मिळवलेले लाभ काढून घ्यायचेच, वर्षं किती लोटली ते बघून दया दाखवायची नाही. खेळाच्या प्रमाणपत्राचा निकाल नव्हे तो, पण माझ्या मते रोख तोच लागू पडेल. फौजदारी गुन्हा वेगळा.

नर्मदेकाठ

आणि खरं प्रमाणपत्र असून, मान्यतेच्या भांडणात अडकलेल्याचं?

कज्जेदलाल

त्याला फसवणूक म्हणता येणार नाही. पण जागा वाचेलच असंही नाही.

शिट्टीमास्तर

ताजी खबर. काल वडिलांना घेऊन कॉलेजात गेलो. तक्रार निवारण समिती कुठे बसते हे तीन जणांना विचारलं, तिघांनी तीन मजले सांगितले. शेवटी ग्रंथालयाशेजारी एका खोलीत सापडली, तीच अँटी रॅगिंगची पण खोली. तिथल्या लिपिकाने पोच द्यायला आधी नकार दिला, 'साहेब रजेवर'. मग मी मोबाईलवर विनियम उघडून दाखवला. बघितलं, उठला, शिक्का आणला. बाहेर पडताना म्हणतो, सर, गेल्या वर्षीच्या पुस्तिकेत ६० होतं, यंदा ७० केलंय, जिमखान्याच्या सरांनाही विचारलं नाही. त्याला दोन चहा पाजले. गेल्या वर्षीची पुस्तिका ग्रंथालयात आहे, तिचे फोटो काढले.

दुसऱ्या कॉलेजातला प्रवेशही घेतलाय. मॅट नाही तिथे, पण सायंकाळी क्लबला जाता येईल.

कज्जेदलाल

६० चे ७० झाले, तेही खेळाडूंच्या जिमखान्याला न विचारता? फोटो मला पाठवा. दोन्ही पुस्तिका कधी प्रसिद्ध झाल्या त्या तारखा हव्यात, संकेतस्थळावरच्या पानाची तारखेसह प्रत काढा, उद्या ते पान बदललेलं असेल.

आकडेमोड्या

कोट्याला माझा विरोध कायम. पण मध्येच ६० चे ७० करणं हा निव्वळ आगाऊपणा आहे. भाचीच्या कॉलेजनेही यंदा असंच काहीतरी केलं होतं, पुस्तिका शोधतो.

माजी_क्रीडाधिकारी

मास्तर, मुलीच्या शालेय राष्ट्रीय स्पर्धेचं पदक आहे म्हणता. त्या वर्षीची प्रवेशिका आणि निकालपत्रक जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून साक्षांकित करून घ्या. तीन प्रती. आज मागितलं तर मिळेल, कोर्टाने विचारल्यावर मागितलं तर पाऊस पडलेला असेल.

कोकणकडा, तुमचं कॅरम राहिलंच. सगळीकडे चालणारी एक यादी नसते. मुलाला ज्या कॉलेजात घालायचं त्याच्या पुस्तिकेत खेळांची यादी बघा, कॅरम आहे का आणि राज्य पातळीला किती गुण ते बघा. यादीत नसेल तर पुढचं कॉलेज. असेल तर राज्य स्पर्धेत किती जण उतरले होते ते आयोजकांकडून लेखी घ्या, हा प्रश्न हमखास येतो. आणि पोराला सांगा, बोर्ड आणि स्ट्रायकर घेऊन जा, चाचणी घेतली तर कॉलेजचा बोर्ड कसा असेल सांगता येत नाही.

कोकणकडा

धन्यवाद साहेब. पावडरही पाठवतो बरोबर.